एकदाच बंद पडलेली मशीन

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत डीजे यायच्या आधीच्या चाळीस वर्षांत जेवढी लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्या जोडप्यांचे संसार आमच्या मावसांनी माइकवर फुंकर मारल्याशिवाय सुरूच झालेले नाहीत. मावसा म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुढे सगळा मुलूखच त्यांना मावसा म्हणू लागला. ते घरचे म्हणून मी हे सांगत नाही. मुरबाडच्या अलीकडे रस्ता सोडून आत कुठल्याही गावात जा आणि पन्नाशीच्या माणसाला विचारा, तुमच्या लग्नात बोललं कोण? बायकोचं माहेर सांगायला एक वेळ तो अडखळेल, पण मावसांचं नाव लगेच सांगेल. त्यांचा मुख्य धंदा भातशेती. झोडणी आटोपून भात कणगीत पडलं की लाउडस्पीकर. आवाज मोठा करणारी एक मशीन, दोन भोंगे, एक माइक आणि वायरीचं भेंडोळं असा त्यांचा भरला संसार होता, "मी त्यात मागाहून आले," असं मावशी सांगते. सुरुवातीला ते नुसती मशीन भाड्याने द्यायचे. एका लग्नात बोलणारा माणूस आलाच नाही, कोणीतरी माइक यांच्या हातात कोंबला आणि मग तो त्यांच्याकडून परत घेणं कोणाला जमलं नाही.

मावसांना दोन भाषा येत. एक माइकमधली आणि एक माइकबाहेरची. माइकमध्ये ते इतकं शुद्ध बोलत की गावातले मास्तर मान खाली घालत, आणि माइक तोंडापासून वीतभर लांब गेला की लगेच मूळ गावावर येत. "उपस्थित मान्यवरांना नम्र विनंती आहे की त्यांनी" — इथे माइक बाजूला — "अरे तो बैल बांधा न पयला, मांडव खातोय" — माइक परत तोंडाशी — "आसनस्थ व्हावं." ही सवय घरातही सुटली नव्हती. जेवायला बसले की हातात पळी घेऊन जाहीर करायचे, "आता आपल्या पुढ्यात येत आहे चवळीची आमटी." मावशी शांतपणे म्हणायची, "आमटी येऊन बसलीय कवाची. आता तुमी बसा." मोबाइल आला तेव्हा तर पंचाईतच झाली. फोन लागला की ते त्यावर दोन बोटं टकटक आपटायचे, फू फू करायचे आणि मग "हॅलो" म्हणायचे. माझ्या आईने त्यांचा फोन कधी कानाला लावला नाही. ती तो हातभर लांब धरायची, तरी सगळं ऐकू यायचं.

पण मावसांचा खरा विक्षिप्तपणा होता तो त्यांच्या वेळेत. लग्न दुपारी बाराचं असेल तर हे सकाळी सातला मांडवात हजर. नवरीसुद्धा उठलेली नसायची. भोंगे खांबांना बांधून झाले की माणूस गायब व्हायचा, आणि शोधायला जावं तर चुलाणावर, कांदे चिरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उकिडवे बसलेले सापडायचे. तिथे त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "मामा कोन? थोरला कोन? आनि रुसनार कोन?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कोणीही दिली असती, तिसऱ्यासाठी चुलाणच लागे. मावसांचं म्हणणं असं की प्रत्येक मांडवात एक रुसणारा असतोच. नसला तर तो आपल्याला अजून सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मिळालेली सगळी नावं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर निळ्या पेनाने लिहायचे आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकायचे. टोपी-टॉवेल देऊन मान करायची वेळ आली की मावसा पहिलं नाव घेणार ते रुसणाऱ्याचं. बिचारा रुसायच्या तयारीने आलेला असायचा, आणि त्याला सगळ्यांच्या आधी टोपी घालून हसत बसावं लागायचं. बोलताना हातात कागद म्हणून कधी नाही. लोक म्हणत, "मावसांला तयारी लागत नाय. तोंड हाय का टेप हाय!" मावसा नुसते हसायचे.

हा तिसरा प्रश्न त्यांना एका चुकीने शिकवला होता. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका लग्नात मानाच्या नावांतून नवरीच्या आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं. ते गृहस्थ एक शब्द न बोलता उठले आणि खळ्यावर जाऊन पेंढ्याच्या उडवीला टेकून बसले. यजमान बाहेर म्हणून आत्या बोहल्याकडे जाईना, आणि नवरीमागे दिवा धरायचा मान आत्याचा. मुहूर्त टळायला आला. चार जाणती माणसं समजूत घालून हात हलवत परत आली. शेवटी मावसा माइक घेऊन निघाले, तर वायर मध्येच संपली. तेव्हा या माणसाने काय करावं? मांडवाच्या खांबावर चढून भोंगा सोडला, त्याचं तोंड खळ्याकडे फिरवलं आणि आत्याला शेजारी उभं करून, तिच्याकडून विचारत विचारत, त्या गृहस्थांचा सत्कार लांबूनच सुरू केला. त्यांनी विहीर खणली ती कशी, मेहुण्याच्या आजारपणात बैलगाडी जुंपली ती कशी. दहा मिनिटं उडवीजवळ काहीच हललं नाही. मग मावसांनी, म्हसा गावच्या जत्रेतून स्वतःसाठी आणलेली घोंगडी या गृहस्थांनी वाटेतच सासूच्या अंगावर घातली, हे सांगितलं आणि गृहस्थ डोळे पुसत उठले. त्या आठवड्यात मावसांनी वायरीचं आणखी एक भेंडोळं आणलं. पण ते परत कधी लागलं नाही, कारण त्यानंतर त्यांच्याकडून नाव कधी राहिलंच नाही.

त्या मशीनवर त्यांचा भारी जीव. कोणी तिच्या आवाजाला खरखरीत म्हटलं तर भर पंगतीतून उठून भांडतील. आणि तीच मशीन त्यांना नेमकी माझ्या शाळेत दगा देऊन गेली. मी खर्डीला पाचवीत होते. शाळेच्या संमेलनात पाहुण्यांचं स्वागत करायची आठ वाक्यं माझ्या वाट्याला आली होती. मावसा सकाळपासून वायरी बांधत होते आणि मी त्यांच्या मागे मागे फिरून तीच आठ वाक्यं घोकत होते. संध्याकाळी अख्खी खर्डी समोर बसली. मी "आदरणीय व्यासपीठ" म्हणाले आणि पुढचं सगळं पुसून गेलं. पहिल्या रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं, आणि तेवढ्यात खट् झालं नि दोन्ही भोंगे मेले. मावसा दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून धावत वर आले, मशीनला शिव्या देत माझ्या पायाशी बसून वायर चाचपू लागले आणि त्या चाचपण्यातच माझ्याकडे न बघता पुटपुटले, "आज आमच्या शाळेच्या प्रांगणात. बोल." भोंगे परत बोलायला लागले तशी मी उरलेली सात वाक्यं एका दमात टाकली आणि पळाले. देव पावला, मशीन अगदी वेळेवर बिघडली, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. माझं अडखळणं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. लक्षात राहिली ती मशीन. पुढच्या वर्षी शाळेने शहापूरहून दुसऱ्या कोणाचा तरी सेट मागवला. खर्डीत कोणी भेटलं की विचारी, "काय मावसा, मशीन चालतीय ना?" आणि एरवी भांडायला उठणारे मावसा एवढंच म्हणत, "जुनी झालीय रे." मी मात्र त्या दिवसानंतर माइकला हात लावला नाही. सव्वीस वर्षं तो माझ्या वाटेला गेला नाही, मी त्याच्या वाटेला गेले नाही.

आता मी आटगावजवळच्या एका कंपनीत, माल पाठवायच्या विभागात काम करते. मोठमोठी गोदामं, दिवसरात्र गाड्या. गेल्या हिवाळ्यात कंपनीचा वर्धापनदिन झाला. साधासुधा नव्हे, मुंबईच्या मुख्य ऑफिसला आणि बाकीच्या सगळ्या शाखांना लाइव्ह दिसणार असा. त्यासाठी ठाण्याहून ठरवलेल्या निवेदिकेने चार दिवस आधी येत नाही म्हणून कळवलं. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही करा. तुमचं मराठी चांगलं आहे." नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघाला नाही. साहेबांनी ती संमती धरली. बारा पानांचा कागद हातात आला. दहा वाजता मुख्य कार्यालयाशी थेट संपर्क, दहा वाजून सात मिनिटांनी दीपप्रज्वलन, अकराव्या मिनिटाला टाळ्या. टाळ्यासुद्धा लिहून दिलेल्या. मी आरशासमोर वाचायला लागले. जितकं वाचावं तितकं जास्त विसरायला होई. "आदरणीय" हा शब्द आला की मी परत पाचवीत जात असे. भर कार्यक्रमातून आपण पळून जाणार, आणि ते सगळ्या शाखांना एकदम दिसणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

रविवारी मी मावसांकडे गेले. मावसा आता अठ्ठ्याहत्तरचे. लग्नात डीजे आले तेव्हापासून मशीन कणगीशेजारी प्लास्टिक पांघरून बसलेली. चुलीपुढे भाकरी थापता थापता मावशी हळूच म्हणाली, "आताशा विसरतात गो. परवा बैलाला हाक मारली ती गेल्या बैलाच्या नावानं." मी मावसांपुढे बसून माझं रडगाणं गायले. म्हटलं, "मावसा, परवा कार्यक्रम आहे आणि माझी तयारीच झालेली नाही."

मावसा हसायलाच लागले. "माझी कवा झालती?"

"तुमची? तुम्हाला तर कधी कागदही लागला नाही."

"कागद नाय लागला. भीती लागायची." ते इतक्या सहज म्हणाले की मी बघतच राहिले. "सकाळी सातला कशाला जायचो, सांग. घरी बसलो का पोटात गोळा यायचा. तिथं चुलाणावर बसला, चार मानसांची नावं कळली, का मांडवातली तेवढी चार मानसं आपली. चारशेतली चार आपली असली का बास. मग त्यांच्याकडं बघून बोलायचा."

चाळीस वर्षं दोन तालुके ज्या माणसाला तोंड आहे की टेप आहे म्हणत आले, तो माणूस पोटात गोळा घेऊन सातला घर सोडत होता. मला त्यांचा थोडा रागही आला. आधी सांगितलं असतं तर मी एवढी वर्षं एकटीच भित्री म्हणून जगले नसते.

"आता सांग," ते म्हणाले, "तुझा रुसनारा कोन?"

"कंपनीत कोणी रुसत नाही हो मावसा. तिथे सगळं वेगळं असतं."

"मानसंच येनार ना? मग हाय. शोध." आणि पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या आत, कांदे चिरतात तिथे जाऊन बसले. आधी बायका बावरल्या, मग मोकळ्या झाल्या, आणि दहा मिनिटांत रुसणारा सापडला. वजनकाट्यावरचे काका. कंपनीत पहिली गाडी आली ती त्यांनी तोललेली. दहाव्या वर्धापनदिनाला जुन्या माणसांचे सत्कार झाले त्यात त्यांचं नाव राहिलं. तेव्हापासून दर दिवाळीला ते मिठाईचा बॉक्स घेतात आणि जाताना गेटवरच्या टेबलावर तसाच ठेवून जातात. कँटीनला हे माहीत होतं, गेटला माहीत होतं. ऑफिसात कोणालाच नव्हतं. त्या बॉक्सवरून मीही कितीदा तरी गेले असेन. पत्रिकेच्या पाठीवर मी त्यांचं नाव पहिलं लिहिलं. मग भाजीवाल्या ताईंचं, मग रात्रपाळीच्या हमालांचं. तेवढा वेळ बारा पानांची आठवणही आली नाही.

कार्यक्रमाला घरच्यांना आणायची परवानगी होती. मी मावसा-मावशीला बोलावलं आणि दहाच्या हिशेबाने नऊला पोचा म्हणून बजावलं. मी स्वतः आठला गेले, तर गेटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचे मावसा कवाचे आलेत. कँटीनमध्ये हायेत." पांढरा शर्ट, लेंगा, कडक टोपी, खांद्याला पिशवी. बायका कांदे चिरत होत्या आणि मावसा लिहून घेत होते.

दहा वाजले. कॅमेरे लागले, आणि मुख्य कार्यालयाचा संपर्क काही लागेना. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं. कॅमेरावाला दोन्ही हातांनी पिठाचा गोळा ताणल्यासारखं करून मला खुणावू लागला, लांबवा, लांबवा. कागदावर त्यापुढचं सगळं दीपप्रज्वलनाचं, आणि दिवा लावणारे साहेब त्या गोल गोल पडद्याच्या पलीकडे. समोर चारशे माणसं. मी दाराकडे पाहिलं, दार बारा पावलांवर होतं. तिथून नजर वळवताना तिसऱ्या रांगेत मावसा दिसले. त्यांनी तीन बोटं वर केली, म्हणजे तिसरा प्रश्न.

मी कागद खाली ठेवला आणि वजनकाट्यावरच्या काकांचं पूर्ण नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, गावासकट. या कंपनीत पहिली गाडी आली ती ज्यांनी तोलली ते हे, म्हटलं. काकांनी आधी मागे वळून, आपल्या नावाचा दुसरा कोणी आहे का ते पाहिलं. मग उभे राहिले. हमालांच्या रांगांतून ज्या टाळ्या उठल्या त्या कोणी लिहून दिलेल्या नव्हत्या. मग ताई, मग रात्रपाळी, मग गेट. नऊ मिनिटांनी संपर्क लागला तेव्हा मुंबईकरांना दिसलं ते सगळं गोदाम उभं राहून टाळ्या वाजवत असलेलं. पुढचे दोन तास कसे गेले मला कळलं नाही. मी पळाले नव्हते, एवढं कळलं.

शेवटी साहेब खुशीत येऊन माइकवर म्हणाले, "आपल्या निवेदिकेचे गुरू इथे आले आहेत, असं समजलं. त्यांनी दोन शब्द बोलावेत." हे बारा पानांत नव्हतं. मावसांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, टोपी नीट केली आणि आले. माइकवर दोन बोटं टकटक, मग फू फू. ठाण्याहून आलेला साउंडवाला जागेवर उडाला. मावसा बोलू लागले, आणि तोच जुना, भरदार आवाज. वजनकाटा, कँटीन, गेट, सकाळी मिळवलेली सगळी नावं एकेक करून घेतली. मग ते माझ्याकडे वळले. "आणि आज एवढ्या मोठ्या समुदायाला जिनं एका धाग्यात बांधलं, ती माझी... ती आमची..."

थांबले. त्यांचा हात खांद्याकडे गेला. पिशवी खुर्चीवर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हे त्यांना पक्कं माहीत होतं, डोळ्यांत ओळख होती. फक्त नाव नव्हतं. नावांवर जगलेल्या माणसाजवळ एक नाव नव्हतं, आणि पडद्यावर सगळ्या शाखा बघत होत्या. पहिल्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातल्या माइकचा खटका अंगठ्याने दाबला. खट्. "माफ करा," मी मोठ्याने म्हणाले, "माइकमध्ये जरा बिघाड झालाय." साउंडवाला ताडकन उठला. "मॅडम, माइक एकदम ओके—" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. मी माइक हलवला, चाचपला, आणि चाचपता चाचपता मावसांच्या कानाशी म्हटलं, "मंजुळा."

अंगठा खटक्यावर तसाच होता आणि तेव्हा मला कळलं. सव्वीस वर्षांनी. खर्डीला मशीन बिघडली नव्हती. मशीनसाठी भर पंगतीतून उठून भांडणाऱ्या माणसाने सगळ्या गावासमोर तिला बिघडलेली ठरवलं, शाळेचं काम घालवलं, वर्षानुवर्षं टोमणे खाल्ले आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.  

"ठाव हाय गो," मावसा पुटपुटले. "खटका सोड."

मी सोडला. आणि मावसांनी माझं नाव घेतलं, सासरमाहेरच्या आडनावांसकट, खर्डीसकट, इतक्या लांब आणि इतक्या थाटात की माझ्या लग्नातही ते तसं घेतलं गेलं नव्हतं.

परतताना रिक्षात मावशी एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये मावसा, मांडीवर पिशवी.  मावसांनी विचारलं, "माइकला काय झालता गो?"

"जुना होता, मावसा."

"कोनाचा?"

"ठाण्याहून आणला होता."

"तरीच." ते बाहेरच्या कापलेल्या शेतांकडे बघत राहिले. "आपली मशीन चाळीस वर्सांत एकदाच बंद पडली."

"ठाऊक आहे."

"खर्डीला."

"हो, खर्डीला."

मावशी दोघांकडे बघून म्हणाली, "काय तुमची ती मशीन घेऊन बसलाय." मावसांनी दोन बोटं रिक्षाच्या दांडीवर आपटली आणि पुढे वाकून विचारलं, "दादा, नाव काय तुमचा?" रिक्षावाल्याने सांगितलं. ते लिहून घ्यायला मावसांनी पिशवीतून सकाळची पत्रिका काढली. निळ्या पेनाने, थरथरत्या अक्षरांत ओळीने नावं होती. वजनकाटा, कँटीन, गेट. आणि त्या सगळ्यांच्या वर, पहिलं, खाली दोन रेघा ओढून, माझं नाव होतं. त्याच्यापुढे कंसात त्यांनी लिहिलं होतं, मेहुणीची पोर.

मी नजर बाहेर वळवली. रिक्षा हलत होती, म्हणून मावसा पत्रिका गुडघ्यावर दाबून रिक्षावाल्याचं नाव सावकाश लिहीत राहिले.